वायर माझ्या हातात होती

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. आमच्या घरानं धम्म स्वीकारला तेव्हाच अंगात येणं, उतारे, भानामती, सगळं उंबऱ्याबाहेर टाकलं. त्यात मी टेलिफोन मेकॅनिक... घंटी वाजली म्हणजे ती कोणीतरी वाजवली, एवढं साधं माझं तत्त्वज्ञान. तरी हे लिहायला बसलोय.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. ठिकाण कामरगावचं पोस्ट ऑफिस. आज ते वाशिम जिल्ह्यात आहे, तेव्हा अकोल्यात होतं. आसपासच्या चार-पाच खेड्यांचे फोन एका डब्यावर यायचे आणि कारंज्याची लाइन दुसऱ्या डब्यावर. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. खेड्यातून कारंज्याला काही कळवायचं तर पोस्टमास्तर एका फोनवर ऐकायचे आणि दुसऱ्यावर ओरडून सांगायचे! मला तिथे नवा बोर्ड बसवायचा होता. डावीकडे खेडी, उजवीकडे कारंजा आणि मध्ये एक जोडवायर. ती दोन्हीकडे खोचली की इकडचा माणूस थेट तिकडच्याशी बोलणार.

दुपारपर्यंत दोन्ही बाजू ठणठणीत झाल्या. मी खेड्यांशी बोललो, कारंज्याशीही बोललो. पण खेडं काही कारंज्याशी बोलेना. शेवटी वैतागून जोडवायर उपसली, तर ती आतून तुटलेली. मांडीवर घेऊन चाकूनं सोलत बसलो. पोस्टमास्तर समोर चहा पीत होते.

तेवढ्यात बोर्डावर डावीकडची एक झडप खाली पडली. म्हणजे त्या नंबरवरून कोणीतरी फोनचा दांडा फिरवून घंटी दिली होती. नंबर माझ्या धाकट्या बहिणीच्या, शांताच्या सासरच्या गावचा — तिथल्या ग्रामपंचायतीचा. शांताचे दिवस भरले होते. पहिलं बाळ जन्मताच गेलेलं... मी घाईनं फोन कानाला लावला.

"डॉक्टरसाहेब, लवकर या जी! सकाळपासून तडफडून राह्यली ते, रक्त थांबून नाई राह्यलं!" आमचे जावई रडत होते.

लाइनवर डॉक्टर नाहीत, हे बिचाऱ्यांना माहीत नाही, असं मला वाटलं. मी जीव तोडून ओरडलो, "जवाईबुवा, फोनची वाट पाहू नका! तिले गाडीत घाला अन् निंगा आत्ताच!"

त्यांना ऐकूच गेलं नाही. आणि मग पलीकडून शांत आवाज आला — "जीप काढतो. तिला अजिबात हलवू नका." कारंज्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर!

मी ओरडत होतो आणि ते दोघं बोलत होते. फोनमधले आवाज समोरपर्यंत ऐकू जात होते; पोस्टमास्तरांची बशी कलली, चहा धोतरावर सांडला.

"अरे बाप्पा... वायर तं तुह्या हातात हाय!"

होती. अर्धी सोललेली, तांबं बाहेर आलेली.

फोन ठेवल्याचा खट्ट आवाज आला तसा मी कारंज्याच्या ऑपरेटरला घंटी दिली. रोजच्या बोलण्यातला माणूस. म्हटलं, "आत्ता दवाखाना कोनं मांगतला?"

"कोनं म्हंजे? तूच तं मांगतला! मस्करी करून राह्यला का बे?"

मिळेल त्या एसटीनं कारंजा गाठलं. डॉक्टरांनी जीपमधून आणलेली शांता दवाखान्यात खाटेवर होती, कुशीत मुलगी. दोघी जिवंत! मी तिथेच रडलो. जावयांनी माझे हात धरले.

"दादा, मी बैलं जुंपून ठेवले होते. तुमी फोनवर म्हणले, 'बैलं सोडा, डॉक्टर देतो तुमाले.' म्हणून थांबलो."

डॉक्टर म्हणाले, "बैलगाडीचे धक्के बसले असते तर दोघीही वाटेतच गेल्या असत्या."

जवळून गेलेल्या तारांतून पुसट आवाज झिरपतात, हे मला माहीत आहे. पण घंटी झिरपत नाही. आणि माझ्या तोंडून न निघालेलं वाक्य कुठून झिरपणार? दुसऱ्या दिवशी सगळा बोर्ड खोलून पाहिला. मधल्या जागेत काहीसुद्धा नव्हतं. खात्यातल्या मोठ्या साहेबांना विचारलं, ते हसले.

भाची आता स्वतः दोन लेकरांची आई आहे. मामानं लाइन जोडली म्हणून मी जगली, असं ती सगळ्यांना कौतुकानं सांगते. मी मान खाली घालून ऐकतो. मामा खरं काय ओरडत होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.