पाणी मागणाऱ्या देवरेबाई

देवरेबाई अनोळखी गावात गेल्या की आधी कुणाच्या तरी दारात जाऊन पाणी मागायच्या. खांद्यावरच्या पिशवीत भरलेली बाटली असायची, तरीही. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं झालं. घोटीत आम्ही भाड्याचं घर बघायला गेलो होतो. घरमालक किल्ली शोधत होते, तेवढ्यात बाई समोरच्या ओट्यावर चढल्या आणि आत डोकावून म्हणाल्या, "ताई, जरा पाणी मिळेल का?"

"बाई, बाटली आहे की तुमच्याकडे," मी हळूच म्हणाले.

"बाटलीतलं पाणी कसं आहे ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि आतून आलेल्या तांब्याकडे हात केला.

नाशिकच्या आमच्या विमा कार्यालयात देवरेबाई मला बऱ्याच वरिष्ठ होत्या. मूळच्या सटाण्याकडच्या. ऑफिसात बोलणं अगदी नेटकं, पण बहिणीचा फोन आला की अहिराणीत "कशी शे तू?" अशी सुरुवात व्हायची आणि पुढचं आम्हाला निम्मंच कळायचं. कुणी विचारल्याशिवाय त्या सल्ला देत नसत. मी मात्र विचारला होता, कारण आमच्या घरात एक अडचण होऊन बसली होती.

माझा नवरा निलेश कल्याणला नोकरीला. आठवडाभर तो तिकडेच मित्राच्या खोलीवर राहायचा आणि शनिवारी नाशिकला यायचा. सई तेव्हा दुसरीत होती. एका शनिवारी तिने बाबाला विचारलं, "तुम्ही चहा घेणार का?" पाहुण्यांना विचारतात तसं. त्या रात्री आमचं ठरलं की दोघांच्या मधलं एखादं गाव शोधायचं. मी सकाळी गाडीने नाशिकला यायचं, त्याने घाट उतरून कल्याणला जायचं आणि संध्याकाळी तिघांनी एका घरात जेवायचं. प्रश्न एवढाच होता, की आम्ही दोघंही दिवसभर बाहेर असणार. शाळेतून आलेली सई त्या गावाच्याच भरवशावर राहणार होती.

हे ऐकून बाई म्हणाल्या, "रविवारी मी येते तुमच्याबरोबर. घर तुम्ही बघा, मी गाव बघते."

इगतपुरीच्या अलीकडे हायवेला लागून एक नवं संकुल होतं. कॅमेरे, फाटकावर पहारेकरी, मुलांसाठी घसरगुंडी, गॅलरीतून डोंगर. निलेशने मनातल्या मनात सोफासुद्धा मांडला होता. बाईंनी शेजारच्या फ्लॅटची बेल वाजवली. दार न उघडताच आतून आवाज आला, "कोण? काय विकायचंय?" आम्ही खाली उतरेपर्यंत पहारेकरी चौकशीला हजर.

निलेश जरा चिडला. "बाई, आजकाल अनोळखी माणसाला दार न उघडणं हीच सुरक्षितता आहे."

"बरोबर आहे तुमचं, निलेशराव. त्या बाईचं काहीच चुकलं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "इथे चोर येणार नाही. पण सई जिन्यात पडली तर कोण बाहेर येईल, ते मला दिसलं नाही."

पुढच्या एका गावात उलटं झालं. पाणी मागितलं तर चहा आला, पोहे आले. ती गृहिणी इतकी प्रेमळ, की मी तिथेच घर घ्यायला तयार झाले होते. मग तिने आडनावं विचारली आणि समाधानाने म्हणाली, "म्हणजे आपल्यातलेच. बरं झालं. दुसऱ्या कुणाला आम्ही या गल्लीत घर मिळूच देत नाही." बाईंनी अर्धा कप खाली ठेवला आणि निघते म्हणाल्या. रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, "चहा छान होता गं. पण ज्यांना माणसं वगळायची सवय आहे, ते उद्या तुला वगळायलाही काहीतरी कारण शोधतील."

शेवटी इगतपुरीतच, रेल्वे वसाहतीच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं एक जुनं घर बघितलं. पाऊस असा, की छत्री असून नसल्यासारखी. शेजारी डिसोझा आंटी राहायच्या, रेल्वेत ड्रायव्हर असलेल्या माणसाच्या पत्नी. ते वारले होते. बाईंनी पाणी मागितल्यावर आधी त्या ओरडल्याच, "एवढ्या पावसात पोरीला घेऊन फिरता कशाला?" मग टॉवेल आणला, सईचं डोकं खसाखसा पुसलं आणि पाणी द्यायचं विसरूनच गेल्या. बाई बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "चांगलं शे."

परतीच्या गाडीत सई झोपल्यावर मी विचारलं, "हे दार वाजवणं तुम्ही कुठून शिकलात?"

त्या खिडकीबाहेर बघत बोलल्या. "आम्ही नाशिकला नव्या कॉलनीत घर बांधलं होतं. वर्षही झालं नव्हतं. एके दुपारी यांच्या छातीत दुखायला लागलं. मी ऑफिसात. हे बाहेर आले, एक दार वाजवलं, मग दुसरं वाजवलं. कुणी उघडलं नाही. परत येऊन आपल्याच पायरीवर बसले. दूधवाल्याने बघितलं, तोवर उशीर झाला होता."

"कशी माणसं," मी म्हणाले.

"तसं नाही. त्यांना आमचं तोंडही माहीत नव्हतं. वर्षभरात मी तरी कुठे गेले होते त्यांच्याकडे?"

आम्ही इगतपुरीला राहायला गेलो तेव्हा बाई दोन दिवस मुक्कामाला आल्या. भावाच्या बागेतली डाळिंबं आणली होती. मला आणि सईला घेऊन त्या गल्लीतल्या घराघरांत गेल्या. मला संकोच वाटत होता. त्या म्हणाल्या, "घर बघताना मागायचं. राहायला आलं की द्यायचं. आणि आजच जा, नंतर जाणं होत नाही."

त्याच पावसाळ्यात घाटात दरड कोसळली. निलेश कसाऱ्याला अडकला, मी नाशिकला. गाड्या बंद, रस्ता तुंबलेला, आणि सईची शाळा सुटलेली. मी ऑफिसात फोन हातात धरून नुसती उभी होते. तेवढ्यात डिसोझा आंटींचाच फोन आला. "पोरगी माझ्याकडे आहे. वरणभात खाल्ला, आता माझ्या मांजराला छळते आहे. तुम्ही सावकाश या." मला रडू फुटलं. बाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि चहा मागवला. आपलं बरोबर ठरलं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. नंतरही कधी म्हणाल्या नाहीत.

त्या निवृत्त झाल्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेले. आम्ही बोलत होतो, तेवढ्यात पंचाहत्तरीचे एक गृहस्थ जेवणाचा डबा घेऊन आले, स्वयंपाकघरात जाऊन ताट वाढून ठेवलं, डोळ्यात थेंब घातले का विचारलं आणि गेले.

"खैरनार. शेजारी राहतात. किल्लीही त्यांच्याकडेच असते," बाई म्हणाल्या. "त्या दुपारी यांनी वाजवलेलं पहिलं दार ते."

मी इतकी वर्षं धरून चालले होते, की त्यांनी ते घर केव्हाच सोडलं असणार. "तुम्ही इथेच राहिलात?"

"जाणार होते. घरं बघायलाही सुरुवात केली होती, पाणी मागायची सवय तेव्हाचीच. सहा महिने त्या माणसाचं तोंड बघितलं नाही मी. मग एकदा त्यांची आई न्हाणीघरात पडली आणि त्यांनी माझं दार वाजवलं. आवाज ओळखला मी. कडीवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिले, खोटं कशाला सांगू. मग उघडलं." त्यांनी ताट पुढे ओढलं. "त्यानंतर दुसरं गाव शोधायचं राहूनच गेलं."

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. सईला घेऊन मी पोचले तेव्हा अख्खी कॉलनी त्यांच्या अंगणात होती. मुलगी पुण्याहून यायची होती. खैरनारकाका फाटकाशी उभे होते. दुपारी बाईंना अस्वस्थ वाटलं, त्यांनी काकांना हाक मारली आणि काका धावत आले. दवाखान्याच्या वाटेवर बाईंचा हात त्यांच्याच हातात होता. येणाऱ्या प्रत्येकाला ते थांबवत होते. त्यांनी मलाही थांबवलं.

"एकट्या नव्हत्या त्या," ते म्हणाले. "मी होतो."