देवाला कापूस, माशाला ससा

सशाच्या कानावरचे केस मेण लावलेल्या दोऱ्यावर माझ्याइतके एकसारखे वळणारं आमच्या क्लबात दुसरं कोणी नाही. हे मीच सांगते, कारण तिथली मंडळी कौतुक करायचं झालं तर ‘नॉट बॅड’ म्हणून थांबतात आणि तेवढ्यावर समाधान मानायचा माझा स्वभाव नाही.

काम काय, तर ट्राउट मासा धरण्यासाठी खोटी माशी बांधायची. नखाएवढ्या गळावर दोरा, केस, पिसं आणि तार गुंडाळून असा किडा करायचा, की तो पाण्यातल्या माशाला खरा वाटावा. रिटायर झाल्यावर माणसं माशा मारत बसतात म्हणे. मी बांधत बसले.

पण हा नाद मुळात माझा नव्हे. माझा नवरा हाडांचा सर्जन. सगळी नोकरी इथे, इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांत झाली आणि पेशंटांच्या जोडीने मीही त्यांना डॉक्टरच म्हणायला लागले. आम्ही मेडनहेडला घर घेतलं तेव्हा एका सहकाऱ्याने त्यांना नदीवर नेलं, आणि तेव्हापासून आमचे शनिवार नदीने नेले. हिवाळ्यात मासेमारी बंद, म्हणून मग मागच्या खोलीत दिवा लावून माशा बांधणं. त्यांचा एक नियम होता, तो ते जेवायला आलेल्या पाहुण्यांनाही ऐकवत: ज्याने माशी बांधली, मासा त्याचा. दुकानातून आणलेल्या माशीवर कोणी हातभर लांबीचा ट्राउट धरला तरी डॉक्टर म्हणायचे, “छान आहे, पण तो दुकानदाराचा मासा.” मी त्यांची भरपूर खेचायची. धरलेला प्रत्येक मासा हे पुन्हा पाण्यात सोडणार, घरी कालवणाला शेपूटसुद्धा येणार नाही, आणि मालकीवरून एवढा वाद.

दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना कंप सुटला. मोठा आजार नाही, वयाचा आहे, असं त्यांनीच निदान केलं आणि त्यांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. चहाचा कप ते अर्धाच भरून घ्यायला लागले. चारचौघांत हात खिशात. मागच्या खोलीतला दिवा मात्र लागत होता, म्हणून मला वाटलं चाललंय. एकदा झाडायला गेले तर टेबलाखाली अर्धवट गुंडाळलेले गळ आणि तुटके दोरे पडलेले. शरद ऋतूत त्यांनी जाहीर केलं की मासेमारीचा क्लब सोडतोय, आता कंटाळा आला. या माणसाला कंटाळा कधी येत नाही, राग येतो. मी काय ते समजले.

क्लब सोडायचं कारण क्लबच्या रिवाजातच होतं. वसंतात नदी उघडते त्या पहिल्या दिवशी प्रत्येक सभासदाने हिवाळ्यात स्वतःच्या हाताने बांधलेल्या माशीनेच मासेमारी करायची. नदीकाठच्या शेडमध्ये पांढऱ्या बशीत पाणी घेऊन त्यात ती माशी सोडतात आणि सगळ्यांत जुने सभासद, नव्वदीला टेकलेले एक गृहस्थ, ती भिंगातून बघतात. सभासद सोबत एक पाहुणा आणू शकतो, आणि पाहुण्याने यजमानाची माशी वापरायची. मी स्वतः एकदा अशी पाहुणी म्हणून गेले होते आणि डॉक्टरांच्या माशीने भरपूर शेवाळ धरलं होतं.

मी ठरवलं की माशा मी बांधीन आणि त्यांनी त्या घेऊन जावं. त्यांना न सांगता टेबलाशी बसले. गळ घट्ट धरून ठेवणारा व्हाइस, रीळ अडकवायचं बॉबिन, टोकदार कात्री, एक जाड सुई, आणि कानांसकट सुकवलेलं सशाचं तोंड, जे इतकी वर्षं मी डोळे मिटून झाडत आले होते. त्याच्या कानावरचे केस काढून मेण लावलेल्या दोऱ्यावर चिमटीत वळायचे, म्हणजे लोकरीसारखा धागा होतो, आणि तो गळावर गुंडाळला की माशीचं अंग तयार होतं.

हे वाचून ज्या बायकांची बोटं आपोआप हलली असतील त्यांना पुढचं सांगायला नको. माझ्या आईने एका चातुर्मासात लाख वातींचा नेम धरला होता, आणि आईने धरलेला नेम घरातल्या सगळ्या बायकांचा असतो. शाळेतून आले की वाती. कापूस किती घ्यायचा, तर वाटतो त्याच्या निम्मा. वळायचं एकाच दिशेने. उलट फिरवलं की वात उकलते. बोटं घामेजली तर चिमूटभर राख लावायची. आजही मी मेडनहेडच्या फार्मसीतला कापूस आणून वाती घरीच करते. देवाला कापूस, माशाला ससा, वळणं तेच, म्हणून मी देवघरातल्या उदबत्तीची राख बोटांना लावली आणि सुरुवात केली.

एक केस चिकटेल तर शपथ. जितकं वळावं तितका दोरा बुळबुळीत होत गेला आणि ससा माझ्या मांडीवर पसरला. मी सशाला आणि डॉक्टरांना एकदमच बोल लावत होते, तेवढ्यात ते दारात येऊन उभे राहिले.

“राख लावलीस?”

“मग काय लावतात?”

“अगं, दोऱ्याला मेण लावतात ते चिकटावं म्हणून. तू त्याच्यावर राख फासलीस.”

आणि ते हसले. कितीतरी दिवसांनी असे दाराला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला राग आला होता तरी बरं वाटलं.

राखेशिवाय बसले ते थेट जमलं. माशीचं अंग असं गुळगुळीत झालं की आईने तुपात बुडवून समईत लावलं असतं. मी ते ऐटीत पुढे केलं. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं.

“व्हेरी नीट. टू नीट. किडा इतका टापटिपीचा नसतो. सुई घे आणि विस्कट.”

“एवढं छान वळलेलं विस्कटू?”

“केस बाहेर निघाले तर त्याला पाय आहेत असं माशाला वाटेल. विस्कट म्हणतो ना.”

“अहो, मी तुमची ज्युनिअर डॉक्टर नाही.”

हे वाक्य त्या हिवाळ्यात मी रोज म्हटलं. ऑपरेशन थिएटरमध्ये ओरडायचे तसेच ते ओरडत, आणि मी उलट उत्तर द्यायचे, जे त्यांच्या ज्युनिअरांना कधी जमलं नसेल. पण शिकवायचे मात्र चोख. शेपटी चार केसांची, झाडू नको. सोनेरी तार केसांच्या उलट्या दिशेने गुंडाळ, म्हणजे माशाच्या दातांनी अंग सुटणार नाही. शेवटच्या गाठीवर वॉर्निशचा एक थेंब. मी त्याऐवजी नेलपॉलिश वापरते आणि ते वॉर्निशपेक्षा टिकतं. लंडनजवळच्या हॅरोतल्या मैत्रिणी फोनवर विचारायच्या, “काय गं, काय चाललंय?” मी म्हणायचे, सशाचे कान उपटतेय. पुढे कोणी काही विचारायचं नाही.

थंडी सरता सरता डबी भरली. मी ती त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, घ्या आणि जा नदीवर.

“या माझ्या नाहीत.”

“शिकवल्या तुम्हीच की.”

“शिकवल्या. बांधल्या तू. बशीत दुसऱ्याची माशी टाकून मी खोटं बोलणार नाही.”

मला त्यांचा संताप आला, आणि तो येत असतानाच अभिमानही वाटला. या हटवादीपणाशीच मी लग्न केलंय. पण हा माणूस नदीशिवाय खिडकीत बसून राहणार, हे मला मान्य नव्हतं. क्लबात त्यांचीच जागा रिकामी झाली होती. मी अर्ज केला. त्या नव्वदीच्या गृहस्थांनीच माझं नाव सुचवलं. मग जेवताना सांगितलं, “मी क्लबची मेंबर झालेय. पहिल्या दिवशी एक गेस्ट नेता येतो. तुम्ही येताय का?”

त्यांनी पूर्ण जेवण संपवलं. ताक प्यायले. मग म्हणाले, “तुझा गेस्ट?”

“माझा.”

“बघू.”

पहिल्या दिवशी सकाळी ते गाडीत बसले खरे, पण नदीवर पोचल्यावर उतरेनात. हात कोटाच्या खिशात, नजर समोर. इतकी वर्षं जिथे सभासद म्हणून मान मिळाला तिथे बायकोचा पाहुणा म्हणून जायचं, हे सोपं नव्हे, मला कळत होतं. मी समजूत घालत बसले नाही. डबी घेतली आणि शेडमध्ये गेले.

बशीतल्या पाण्यात माझी माशी सोडली. ती अंगाचे केस पसरून हळूहळू तळाशी गेली. म्हाताऱ्याने भिंग खाली-वर केलं आणि विचारलं, हे असं वळायला कुठे शिकलात?

“आईकडे.”

“त्या मासे धरायच्या?”

“नाही. देवापुढे दिवे लावायच्या.”

त्यांनी मान डोलावली, जणू हे उत्तर त्यांना रोजच मिळतं. “नॉट बॅड,” म्हणाले. मागे वळून पाहिलं तर डॉक्टर दारात उभे होते, पाण्यात उतरायचे छातीपर्यंतचे रबरी वेडर घालून.

नदीवर मी त्यांच्या दोरीला माशी बांधून दिली, कारण ती बारीक गाठ त्यांना आता येत नाही. पण रॉडने दोरी फेकणं हे खांद्याचं काम. त्यांनी हात मागे घेतला आणि दोरी सरळ, न थरथरता गेली. पलीकडच्या झाडाखाली माशी पडली. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी पाणी हललं आणि रॉड वाकला. ते शांत होते, मीच काठावरून सूचना देत सुटले होते. जाळ्यात मी घेतला तो मासा, लोण्यासारखं पोट आणि अंगावर लाल ठिपके. माझी माशी त्याच्या ओठात होती, आता पुरती विस्कटलेली. डॉक्टरांनी ती सोडवली, मासा पाण्यात धरला आणि तो जाईपर्यंत धरून ठेवला.

दुपारी शेडमध्ये चहाला सगळे जमले. बातमी आमच्याआधीच पोचली होती. म्हातारे गृहस्थ उठून डॉक्टरांपाशी आले आणि म्हणाले, अभिनंदन डॉक्टर, दिवसातला पहिला मासा तुमचा.

“माझा नाही,” डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “माशी हिने बांधली. मासा हिचा.”

असं म्हणून त्यांनी खिशातून हात काढला आणि माझ्याकडे केला. हात थरथरत होता, सगळ्यांना दिसत होता. त्यांनी तो परत खिशात घातला नाही.