डॉक्टरीणबाईंच्या गाडीची पेट्रोलची नळी

सातवीत शाळा सुटली तेव्हा मोटार कशी चालते हे मला माहीत नव्हतं. आमच्या कुडाळकडच्या गावात मोटार यायचीच नाही. पुढे ट्रकवर क्लीनर म्हणून फिरत फिरत अकोल्याला उतरलो आणि तिथल्या एका मिस्त्रींनी मला गॅरेजात ठेवून घेतलं. दाखला मागितला नाही, ओळख विचारली नाही. "हातानं काय येते ते दाखव," एवढंच. ते उपकार मी विसरलो नाही, आणि आज-उद्या ते आपल्याला जा म्हणतील ही धास्तीही चार वर्षांत सुटली नाही.

मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा असेन. लढाईनंतर लष्कराच्या लिलावात निघालेल्या एका जीपचा सांगाडा मिस्त्रींकडे पडून होता. अमरावतीच्या एका डॉक्टरीणबाईंना खेड्यापाड्यांतल्या बाळंतपणांना जायला गाडी हवी होती. नव्या गाडीसाठी फार थांबावं लागे, म्हणून त्या सांगाड्यावर बंद पत्र्याची बॉडी चढवायचं ठरलं. बाईंची अट एकच: आत पेट्रोलचा वास येता कामा नये. जीपची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली असते. ती आम्ही मागं नेली. तिथून इंजिनापर्यंत पेट्रोलची नळी टाकायचं काम मिस्त्रींनी माझ्यावर सोपवलं.

सरळ वाट उजवीकडून होती, पण त्या बाजूला सायलेन्सर. मी नळी डावीकडून नेली.

"लांब पडते ना बे कोकण्या," मिस्त्री म्हणाले.

"उन्हाळ्यात पेट्रोल नळीतच उकळेल, मिस्त्री. वाफ अडली की पंपाला काही ओढता येत नाही."

"बरं. तुले पटते तसं कर."

तांब्याची नळी, वीत-वीत अंतरावर पट्टी, पट्टीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा. टाकीचं झाकण रबर घालून घट्ट बसवलं. मग टाकीत हवा जायला आणि वाफ बाहेर पडायला माथ्यावरून वेगळी बारीक नळी काढली आणि गाडीच्या बाहेर, तोंड खाली वळवून सोडली.

रंग द्यायच्या दिवशी कचरा जाऊ नये म्हणून त्या बारीक नळीच्या तोंडात मी कापसाचा बोळा कोंबला. अकोल्यात कापूस कुठंही हाताला लागतो; तेलाच्या बुधल्यालाही आम्ही तोच लावायचो. बोळा रंगानं भिजला, वाळून कडक झाला, आणि मी विसरलो. गावात गाडी फिरवून पाहिली तेव्हा टाकी भरलेलीच नव्हती. बॉनेटवर डबा बांधून पेट्रोल दिलं होतं. त्यामुळं काही कळलं नाही.

गाडी न्यायला बाई स्वतः अकोल्याला आल्या. मे महिना. मिस्त्री चालवायला, बाई शेजारी, मी मागं. मूर्तिजापूर ओलांडलं आणि गाडी आचके देत थांबली. मिस्त्रींनी पंपावर ओलं पोतं टाकलं. अर्ध्या तासानं गाडी सुरू झाली, तीनेक मैल गेली आणि पुन्हा थांबली.

बाई निंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. "मिस्त्री, ह्या गाडीनं मी बाळंतिणीकडे पोचेपर्यंत पोर रांगायला लागेल."

"पेट्रोल उकळून रायलं, बाई. नळी मीच चुकीची टाकली. बदलून देतो."

"बदलू नका. मला गाडीच नको. एखादी मोटार आली की मी निघते."

नळी मिस्त्रींनी टाकली नव्हती. खाली सरकून नळीला हात लावला तर ती नुसती कोमट. म्हणजे पेट्रोल उकळत नव्हतं. मागं जाऊन टाकीचं झाकण सैल केलं, तशी सूं करून हवा आत ओढली गेली. तेव्हा बोळा आठवला. टाकीत हवा शिरत नव्हती म्हणून पंपाला पेट्रोल ओढता येत नव्हतं; गाडी थांबली की थोडी झिरपायची, तेवढ्यावर ती पुन्हा चालायची. दोघांचीही पाठ माझ्याकडे होती. गुपचूप उपटून फेकला असता तर कुणाला कळलं नसतं. पण मिस्त्रींच्या माथी चूक राहिली असती, आणि बाई तर निघाल्याच होत्या.

"मिस्त्री," मी म्हटलं, "नळी मी टाकली, आणि ती बरोबर आहे. हवेच्या नळीत माझा बोळा राहिला." पेचकसानं तो काढून त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "काहून कोंबला होता?"

"रंगासाठी."

"मंग काढाले कोण येणार होतं? तुहा बाप?"

बाई जवळ आल्या. बोळ्याकडे बघत म्हणाल्या, "मी कुणाच्या पोटात असा विसरले असते तर अमरावतीत राहू दिलं असतं का मला?" मग दार उघडून बसल्या. "चला. बडनेऱ्यापर्यंत थांबली नाही तर घेते."

गाडी बडनेऱ्याला थांबली नाही आणि पुढंही थांबली नाही. बाईंच्या दारात ती लावेपर्यंत मिस्त्री माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. स्टेशनवरही आम्ही तसेच चालत गेलो. ते तिकिटाच्या खिडकीशी गेले. मी चार पावलं मागंच थांबलो, कारण त्यांच्याबरोबर परत यायचं की नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"अकोला," ते आत वाकून म्हणाले. "दोन."