टपकाका गाडी विकतात

ऑगस्टच्या भर दुपारी बर दुबईच्या सिग्नलवर सगळ्या गाड्या काचा लावून, एसी पूर्ण सोडून उभ्या असायच्या आणि त्यांच्या मधोमध एका लांबलचक, उघड्या, लाल गाडीत एक गृहस्थ डोक्यावर ओला पंचा टाकून बसलेले असायचे. चेहरा गाडीपेक्षा लाल. शेजारच्या बसमधली माणसं मोबाइल काढून फोटो घ्यायची आणि हे एखाद्या संस्थानिकासारखी मान किंचित हलवायचे. ते आमचे टपकाका. खरं आडनाव गोडबोले. पण गाडीला कापडी टप असूनही तो कधीच न घालणारा माणूस म्हणून आमच्या इमारतीतल्या मराठी मंडळींनी त्यांचं दुसरं बारसं केलं होतं. माझी लेक पहिल्या भेटीतच त्यांना म्हणाली, "अंकल, व्हेअर इज द रूफ?" काका शांतपणे म्हणाले, "बाळ, ते तुझ्या काकूला विचार."

काकूंकडे बोट दाखवण्यामागे इतिहास होता. काका एका विमा कंपनीत हिशेब तपासायचे, आणि सुट्टीचा दिवस उजाडला की अजमानच्या एका भाड्याच्या शेडमध्ये जाऊन लोळायचे, म्हणजे गाडीखाली. ही अमेरिकन मसल कार त्यांनी शारजाच्या एका भंगारवाल्याकडून उचलली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर मांजर व्यायली होती. पुढची कितीतरी वर्षं पगार तिच्या पोटात गेला. मित्रांनी दुबई मरीनात फ्लॅट घेतले, काकांनी कार्ब्युरेटर घेतला. काकू तिला सरळ 'म्हैस' म्हणायच्या. "एवढं पिते, आणि दूध थेंबभर नाही," हे त्यांचं पेट्रोल पंपावरचं ठरलेलं वाक्य.

गाडी पूर्ण झाली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी. अमेरिकेहून बोटीने आलेला पांढराशुभ्र टप शेवटी बसवला. दसऱ्याला शेडमध्येच पूजा. झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, काचेवर स्वस्तिक, सगळं यथासांग. काकूंनी हळद ओली करून घेतली होती. बॉनेटला बोट लावून त्या वळल्या, जमिनीवरच्या तेलावरून पाय सटकला आणि आधाराला जो हात टेकला तो थेट टपावर. पांढऱ्याशुभ्र कापडावर पिवळी पाच बोटं! काकांनी घाबरून साबण लावला. हळदीला साबण लावल्यावर जे होतं ते झालं. बोटांच्या कडा लाल झाल्या. काकू म्हणाल्या, "अहो, चोळू नका. उन्हात ठेवा, आपोआप जाईल." पण तोवर काकांनी आकाशपाताळ एक केलं होतं.

तेव्हापासून टप मिटला तो मिटलाच. गणपतीत, कोजागरीला, कुणाच्याही घरी जेवणाची पंगत बसली की काका सुरू. "सगळी गाडी मी उभी केली आणि हिने पाच बोटांत निकाल लावला." एकदा हिवाळ्यात भर रस्त्यात पाऊस आला. माणूस काय करेल? टप ओढेल. काकांनी नाही ओढला. काकू शेजारी छत्री धरून बसल्या आणि ही वरात आमच्या इमारतीसमोर थांबली, तेव्हा दोघंही चिंब होती. "ओलं चालेल, पण तो डाग चारचौघांत दाखवणार नाही," काका शिंकत म्हणाले. आम्हालाही ते पटलं. मानी माणूस, एवढ्या मेहनतीची वस्तू, लाज वाटणारच.

मग काका निवृत्त झाले. व्हिसा संपत आला, पुण्याला कायमचं जायचं ठरलं. डाव्या हाताच्या स्टिअरिंगची ती म्हैस तिकडे नेणं अशक्य. त्यांच्या पुण्याच्या सोसायटीत स्कूटर लावायलाही सेक्रेटरीची मनधरणी करावी लागते. म्हणजे विमानात बसायच्या आत गाडी विकणं भाग होतं. जाहिरात दिली, गिऱ्हाइकं आली. पण येणारा प्रत्येक जण इंजिन ऐकून खूश झाला की म्हणायचा, "आता टप घालून दाखवा." काका म्हणायचे, "मोकळी गाडी मोकळीच बघायची असते. टप हवा असेल तर साधी गाडी घ्या, हबीबी." एक गिऱ्हाईक गेलं, दुसरं गेलं, पाचवंही गेलं. घरात खोके भरून झाले आणि काकूंचा धीर सुटला. मला म्हणाल्या, "मीनल, तू तरी सांग गं ह्यांना. एका डागासाठी गाडी इथेच सोडून जावी लागणार."

शेवटी एक अमिराती गृहस्थ आले. अंगात पायघोळ पांढरी कंदूरा, चाळिशीचे, हिंदी मोडकी पण सराईत. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "काका, गाड़ी पसंद है. रूफ लगाओ, फिर पैसा." काकांनी तोंड उघडायच्या आत काकूंनीच पुढे होऊन कळ दाबली. कुरकुरत टप वर आला. इतक्या वर्षांनी आम्ही तो डाग पाहिला. कालच उमटल्यासारखी ठसठशीत पिवळी पाच बोटं.

ते गृहस्थ हसले. "ये पीला पीला क्या है? कोई बात नहीं, मैं नया डालेगा. ये फेंक दो."

"फेंक दो?" काकांचा आवाज चढला. "गाडी घ्या. टप मिळणार नाही."

"अहो!" काकू ओरडल्याच. "जन्मभर त्या डागावरून माझं डोकं खाल्लंत, आणि आता तो सुटत नाही तुम्हाला?"

काका पटकन टप मिटायला लागले. "ऊन लागतंय त्याला," एवढंच पुटपुटले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. हळदीचा डाग उन्हाने उडतो हे कुठल्याही मराठी घरात सांगावं लागत नाही, आणि हे तर दुबईचं ऊन! टप घालून चार दिवस गाडी फिरवली असती तर बोटांचा मागमूस उरला नसता. काकूंनी उपाय पहिल्याच दिवशी सांगितला होता, आणि काकांनी तो नीट ऐकला होता. म्हणून इतकी वर्षं हा माणूस स्वतःचं डोकं उन्हात आणि बायकोची बोटं सावलीत घेऊन फिरत होता. वर आमच्यासमोर तिलाच बोल लावत होता! मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. काकू तर नुसत्या आपल्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या.

त्या गृहस्थांनी काकूंच्या हाताकडे पाहिलं, टपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "खलास. गाड़ी हमारा, रूफ तुम्हारा." सौदा झाला.

विमानतळावर वजन जास्त भरलं. काकांनी बॅगेतून आपले तीन सूट काढून माझ्या हातात दिले, टपाची गुंडाळी मात्र हलू दिली नाही. निघताना म्हणाले, "कुणाला सांगू नकोस हं, मीनल." मी तिथून पार्किंगपर्यंत जाईस्तोवर सगळ्यांना फोन केले.

ती लाल गाडी मला अजून कधीतरी सिग्नलवर दिसते. नवा टप घातलेला असतो, आत एसी चालू असतो. मालक मला ओळखतो आणि हात करतो.

गेल्या दसऱ्याला मी काकूंना पुण्याला फोन केला. टप काकूंनीच गॅलरीवर छत म्हणून बांधला होता. "म्हटलं होतं ना मी, उन्हाने जाईल? पंधरा दिवसांत गेला बघ डाग, स्वच्छ पांढरा झाला," काकू सांगत होत्या. मला वाईट वाटलं. मी विचारलं, "मग काका काय म्हणाले?"

"काय म्हणणार? आज सकाळी पूजा झाल्यावर वाटीत हळद ओली करून आणली, स्टूल मांडलं आणि म्हणाले, चढ वर. यल्ला, चल, टेक हात."