तांदळाखालची नागली

शाळेत मुलींचं रक्त तपासलं, त्यात माझ्या मुलीचं कमी निघालं. नर्सबाईंनी गोळ्या दिल्या आणि मला विचारलं, "घरी काय खाते?" मी सांगितलं, भात, सकाळी चहा-बिस्कीट. त्या म्हणाल्या, "अगं, तू इकडचीच ना? नागली विसरलीस?"

विसरले नव्हते. आई दर वर्षी डोंगरावरच्या शेतातली नागली, म्हणजे नाचणी, पाठवते. बेटेगावच्या आमच्या खोलीत ती गोणीत पडून असते, कारण काळी भाकरी बघितली की मुलगी ताट सरकवते. नवऱ्याला कंपनीत काम कधी मिळतं, कधी नाही. सफरचंद, डाळिंब आमच्या घरी येत नाही. नागली तेवढी होती.

पण आमच्या बाजूला गिरण एकच आणि तिच्यात चक्कीही एकच. नागली दळली की पुढच्या माणसाचं पीठ काळपट येतं, म्हणून गिरणवाले भाऊ ती सगळ्यांचं झाल्यावर घेतात. दोनदा मी डबा घेऊन बसले. एकदा लाईट गेली. एकदा मागून आलेल्या बायकांचे गहू पुढे जात राहिले. चार लोकांत मला तोंड उघडवत नाही.

तिसऱ्या वेळी मी डब्यात खाली नागली भरली आणि वर तांदूळ पसरले.

भाऊ कुणाशी तरी हिंदीत बोलत होते. त्यांनी न बघताच डबा ओतला. पीठ पडलं, मी पटकन झाकण लावलं. माझ्यामागे एक म्हातारी होती, बांधकामावर विटा वाहणारी, आमच्या डोंगराकडचीच. ती नेहमी नागली आणायची, पण त्या दिवशी तिच्या पिशवीत तांदूळ होते. तिचं पीठ तांबूस आलं. तिच्या मागच्या बाईंच्या गव्हातही थोडं उतरलं.

"हे काय हो भाऊ? याच्या पोळ्या करू की शेणी थापू?" बाई म्हणाल्या.

भाऊंनी म्हातारीची पिशवी उघडून बघितली. "ए म्हातारे, नागली शेवटी, किती वेळा सांगायचं तुला?"

"तांदूलच हाय माजा, बाबा. नागली नाय आणली मी."

"मग ही काय आकाशातून पडली?"

सगळे हसले. ती माझ्याकडे वळली. "पोरी, तू पुढंच होतीस ना? तू तरी सांग याला."

डबा कमरेला गरम लागत होता. मी खाली बघत राहिले.

"आजपासून नागली बंद," भाऊ म्हणाले. "कुणाचीच घेणार नाही."

घरी येऊन भाकऱ्या थापल्या. तांदळामुळे रंग उजळ आला होता. मुलीने सुकटीबरोबर दोन खाल्ल्या आणि म्हणाली, "आई, रोज अशीच कर."

ते पीठ आठ दिवस पुरलं. मग मिक्सरमध्ये करून बघितलं, तर भाकरी दाताखाली कचकचते, मुलगी थुंकून टाकते. दळण बोईसरच्या बाजारात न्यायचं तर येण्याजाण्याचं भाडंच जास्त होतं. शेवटी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊन बोल ना, भाऊ, माजं चुकलं. तो काय खाणार हाय तुला?" खरंच एवढंच आहे. भांडी घासताना मी ते वाक्य मनात म्हणून बघते. तेव्हा नीट जमतं.

काल तांदूळ घेऊन गेले. भाऊ आता प्रत्येक डब्यात कोपरापर्यंत हात घालतात. माझ्याही डब्यात घातला. "रागावू नका ताई," ते म्हणाले, "तुमच्यावर संशय नाही. त्या म्हातारीमुळे करावं लागतं. आता ती येतही नाही."

गिरणीत दुसरं कुणीच नव्हतं. तरी मी नुसती मान हलवली.

मुलगी गोळ्या घेते, पण शाळेचा जिना चढताना अजून मध्येच थांबते. काल जेवताना तिने विचारलं, "आई, ती तांबूस भाकरी का नाही करत आता?"

मी म्हटलं, करीन.