रफूताईचे हात

गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या खोलीत, खिडकीला चिकटून एक टेबल होतं, आणि त्या टेबलाशी मान खाली घालून रफूताई बसलेली असायची. कुणाचा कोट खिळ्याला अडकून फाटलेला, कुणाची शाल उंदराने कुरतडलेली. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि भोक बुजवायचं, हा तिचा धंदा. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ती ओठांवरून ओळखायची. लहानपणी ती तापाने फणफणली होती; ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला.

तेव्हा आई हट्टाला पेटली. पोरीने चार मुलांसारखं तोंडानेच बोललं पाहिजे! आरशासमोर बसवून ती तिच्याकडून एकेक शब्द घोटून घ्यायची, आणि पोर हातांनी काही सांगू लागली की ते हात रुमालाने पाठीमागे बांधायची. "लोक बघतात," एवढंच तिचं म्हणणं. हातांची भाषा रफूताई शिकली ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत, तीही मधल्या सुट्टीत, मास्तरांची पाठ वळली की. घरी मात्र ती घोगऱ्या आवाजात तोंडानेच बोले. घरच्यांना त्यातलं निम्मंशिम्मं कळे.

आई गेल्यावर मोठ्या बहिणीने, अक्काने, दर रविवारी तिला जेवायला बोलवायचा नेम ठेवला. जेवण भरपूर, माया त्याहून जास्त. पण टेबलाभोवती गप्पा रंगल्या की कुणाच्या ओठांकडे बघावं हेच तिला समजेना. सगळे खो खो हसत, आणि ही विचारी, "काय झालं?" अक्का हात झटकून म्हणे, "काही नाही गं, असंच." मग तीही ताटात बघून हसल्यासारखं करी.

एका सकाळी एका बाईने दुकानात स्वेटर टाकला आणि सहज विचारलं, "तुमचे भावोजी आले का हॉस्पिटलातून? हृदयाचं ऑपरेशन म्हणजे जिवावरचं दुखणं हो."

रफूताईच्या बोटांत सुई तशीच राहिली. भावोजी म्हणजे अक्काचे यजमान. गेल्या रविवारी अक्काने जेवण रद्द केलं होतं, "जरा बाहेर जायचंय" म्हणून. दुकानाला कुलूप घालून ती तडक अक्काकडे गेली. भावोजी पलंगावर उशांना टेकून बसले होते, छातीवर पट्टी.

"मला का नाही सांगितलं?"

अक्का गडबडली. "अगं, तुला कसं समजावून सांगणार होते मी एवढं सगळं? उगाच तुझ्या जिवाला घोर."

"मी काय या घरातली खुर्ची आहे? रविवारी पुसायची आणि टेबलाशी मांडायची?" तिचा आवाज चिरकला. तो आपल्याला ऐकू येत नाही, पण यांना येतोय, हे तिला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं. ती थांबली आणि सावकाश म्हणाली, "जन्मभर मी तुमच्या भाषेत बोलत आले. आता तोंड बंद. माझी भाषा शिका, मग मी जेवायला येईन."

अक्काला ते फार लागलं. "डोकं फिरलंय हिचं," ती सगळ्यांना सांगत सुटली. रविवार येत राहिले, रफूताई गेली नाही. तिलाही चैन नव्हतं. पोळीभाजीचा डबा उघडून ती दुकानातच एकटी जेवायची, आणि आपण जास्तच ताणलं की काय या विचाराने घास तोंडातच फिरायचा.

आधी आले ते भावोजी. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, चालत चालत दुकानात येऊन ते समोरच्या स्टुलावर बसले आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "चल, शिकव."

त्यांच्याइतका ढ विद्यार्थी शोधून सापडला नसता. शनिवारी रफूताईच्या बहिऱ्या मैत्रिणी दुकानात जमत. एकदा भावोजींना त्यांना सांगायचं होतं, "डॉक्टर म्हणाले, जिना सावकाश चढा." हातांनी निघालं, "डॉक्टर म्हणाले, म्हशीवर सावकाश चढा." बायका हसून हसून टेबलावर पालथ्या पडल्या. मग त्यांनी भावोजींना नाव दिलं: मिशीला पीळ दिल्यासारखी दोन बोटं फिरवायची. बिरुद मिळाल्यासारखं ते नाव भावोजी सगळीकडे मिरवत फिरले. पाठोपाठ अक्काची लेक, म्हणजे रफूताईची भाची, आली आणि भराभर पुढे गेली. अक्का आली सगळ्यात शेवटी. "यांना रस्त्यात चक्कर आली तर सोबतीला," असं म्हणत.

पुढे वस्तीच्या वार्षिक कार्यक्रमात रफूताईचा सत्कार करायचं ठरलं. समितीचे चिटणीस दुकानात आले. "दैवाने घाला घातला, तरी ताईंनी त्यावर मात केली, असं आम्ही बोलणार आहोत." भाचीने ते हातांनी सांगितलं. रफूताईने नकारार्थी मान हलवली. ती हातांनी म्हणाली, "बोलेन तर मीच. मैत्रिणींना पुढची रांग द्या आणि स्टेजवर लख्ख उजेड ठेवा. अंधारात आमची भाषा बुडते." चिटणिसांनी डोकं खाजवलं आणि कबूल केलं.

संध्याकाळी सभागृह भरलं. रफूताईचे हात बोलू लागले आणि भाची मोठ्याने सांगू लागली. "मी कशावर मात-बित केलेली नाही. मी बहिरी आहे, आणि माझं बरं चाललंय. कौतुक करायचं तर माझ्या भाषेचं करा. ती लहानपणी अशी बांधून ठेवली होती." तिने हात पाठीमागे नेले. भाचीला सांगायला काही उरलं नाही. मग हात सोडवून तिने म्हशीची गोष्ट सांगितली. पुढची रांग आधी हसली, बाकीचे मागून. मैत्रिणींनी हात उंच करून हलवले; ही बहिऱ्यांची टाळी. बघता बघता सगळ्या सभागृहाचे हात वर गेले.

घरी जाताना अक्काने तिला भर रस्त्यात अडवलं. रागारागाने ती हातांनीच म्हणाली, "आईची अब्रू चारचौघांत काढायची काय गरज होती?"

"तिने हात बांधले. खोटं आहे?"

"खरं आहे. पण तू झोपलीस की ती तुझी मनगटं चोळत बसायची. रडायची." 'रडायची' म्हणताना अक्काची बोटं चुकली आणि खूण झाली 'पाऊस'ची. रफूताईला तरी समजलं.

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"कुठल्या भाषेत सांगणार होते?"

एक सायकलवाला घंटी वाजवून कंटाळला आणि त्यांना वळसा घालून गेला. दोघी बराच वेळ भांडल्या, पहिल्यांदाच पोटभर. भावोजी पुढच्या दिव्याखाली गुपचूप थांबले होते. मधे पडायची ही वेळ नव्हे, एवढं त्यांना कळत होतं.

शेवटी रफूताईने अक्काची बोटं हातात घेऊन 'रडणं' नीट करून दाखवलं. मग म्हणाली, "तरी बांधायला नको होते."

अक्काने डोळे पुसले आणि दोन्ही हातांनी, न चुकता, उत्तर दिलं, "नको होते."