काकीचा हौद

आमच्या काकीला झाडांची दया यायची नाही. नरखेडकडच्या तिच्या संत्र्याच्या बागेत मृगाचा बहार धरायचा, म्हणजे भर उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडायचं. पानं मलूल होईपर्यंत ताण द्यायचा. मग पाणी लागलं की झाड फुलतं. त्या दिवसांत विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली काकीच्या पदराला बांधलेली असायची. कारण काका हळवे. सुकलेली पानं पाहून ते पेटीभोवती घुटमळायचे.

"काहून फिरून राहिले तिथं?" काकी लांबूनच विचारायची. "झाड नाही रडत, तुमीच रडता."

तीच काकी विहिरीजवळचा हौद मात्र रोज काठोकाठ भरायची. वाटेनं जाणारं कोणाचंही ढोर तिथं प्यायचं. शेजाऱ्याच्या मारक्या बैलालाही ती दटावायची, "पी गा, पण शिंगं आवर. सासुरवाडी नाही हे तुई."

एका वर्षी पावसानं ओढ दिली. ताण मोडून झाडांना पाणी द्यायची वेळ आली, तेव्हा विहीर तळाला गेली होती. नाला आटल्यामुळे गावची सगळी ढोरं हौदावर येत होती.

"अवं, वर्षाचं पीक जाईन. हौद बंद कर," काका म्हणाले.

"जाऊ द्या. झाडाले ताण देता येते, जनावराले नाही देता येत."

 संध्याकाळी काकाच हौदातलं शेवाळ खरवडताना दिसले.

त्या साली बहार आला नाही. रस्त्याकडच्या दोन ओळी तर वाळूनच गेल्या. काकीनं त्या जागी कडुनिंब लावले. "पाणी पिऊन उन्हात काहून उभं राहावं ढोरायनं?"

काका गेले, मागोमाग काकी गेली. नागपुरातली नोकरी सांभाळून बाग आता मी पाहतो. तिच्यासारखी पाहत नाही, हे मला टोचत राहतं. यंदा विहीर पुन्हा तळाला गेली. खोटं कशाला सांगू, हौदाचा कॉक बंद करायला मी वाकलो होतो. विचारणारं आता होतं कोण?

तेवढ्यात गावचा ढोरकी गायी घेऊन आला.

"कॉक गळून राहिला का, भाऊ? नीट करून घ्या गा. आमी घरून सांगूनच निघतो, काकीच्या हौदावर चाललो म्हणून."

त्यानं माझं नाव घेतलं नाही, याचाच मला अभिमान वाटला. मी कॉक पूर्ण उघडला. गायी प्यायल्या आणि निंबाखाली जाऊन रवंथ करत बसल्या. संत्र्याची पानं मलूल झाली होती. मी खिशातली मोटारीच्या पेटीची किल्ली काढली आणि डोक्याला गुंडाळलेल्या दुपट्ट्याच्या टोकाला घट्ट बांधली.